पिळलेल्या कारल्याचं पाणी

ज्यांच्या घरात कुणाला नुकतीच साखर निघाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं आणि रिपोर्टातले आकडे यात सापडणार नाहीत, ते डॉक्टरांना विचारा. मला सांगायचं आहे ते घरात काय काय होतं त्याबद्दल. आजारी माणसाचं बरंचसं स्वयंपाकघरात ठरतं आणि तिथे तपासायला कुठलाच डॉक्टर येत नाही.

मी शाळेत शिकवते. त्या उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासता तपासता मी तांब्यामागून तांब्या पाणी संपवत होते. कोपरखैरण्याचा उन्हाळा, घामाच्या धारा, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस फळ्यावर लिहिताना अक्षरं पुसट दिसायला लागली. मला वाटलं खडू खराब आहे. मी शिपायाला दोनदा नवे खडू आणायला लावले.

वाशीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "साखर आहे, बाई. प्रेशरही आहे." खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो फ्रिजमधल्या आमरसाचा. सकाळीच काढून ठेवला होता, अर्धं पातेलं. आता तो कोण संपवणार, हाच प्रश्न मला रिक्षाभर पडला होता. रडू नंतर आलं, जिना चढताना.

आमची बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही, आम्ही वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर माझ्यासोबत आलेल्या ह्यांनी एका शेजाऱ्याला सांगितलं. आम्ही वर पोचेपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं होतं. दार उघडून सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात आमरसाचं पातेलं होतं आणि ते घासून लख्ख केलेलं होतं.

*

घरात आम्ही चौघं. मी, हे, नववीतली मुलगी मुग्धा, आणि सासूबाई. सासूबाईंना ह्यांच्यासारखं मीही आई म्हणते. आईंचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट हातात घेतली की तिचा फडशा पाडल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला हातात घेतलं.

साखर म्हणजे गोड, तर उतारा कडू, हा हिशेब आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. पहिल्याच आठवड्यात घरात कडूची जत्रा भरली. समोरच्या वहिनींनी कडुलिंबाचा पाला दिला. तळमजल्यावरच्या काकूंनी काडेकिराईत आणून दिलं, ते रात्री भिजवायचं आणि सकाळी प्यायचं. कुणी भिजवलेल्या मेथ्या सांगितल्या, कुणी कारल्याच्या बिया वाळवून पूड करायला सांगितली. जो भेटायला येई तो काहीतरी कडू घेऊन येई आणि मी ते गिळेपर्यंत बसून राही. पूर्वी माणसं माझ्याकडे चहाला यायची. आता माझं तोंड वाकडं झालेलं बघायला यायची.

त्या सगळ्यातून टिकलं ते कारलं. आईंचा कारल्यावर भरवसा होता.

आमच्या घरी कारल्याची भाजी नेहमीच व्हायची, कारण ह्यांना आवडते. म्हणजे आईंच्या हातची आवडते. कारल्याच्या पातळ चकत्या करायच्या, त्यांना खडे मीठ चोळून ठेवायचं, पाणी सुटलं की मुठीत धरून घट्ट पिळायच्या आणि मग चिंच, गूळ, ओलं खोबरं घालून परतायच्या. त्यात कारलं नावापुरतं उरतं. ते पिळून निघालेलं हिरवं पाणी मोरीत ओतायचं. माझ्या आईनेही तेच केलं, मीही लग्नानंतर तेच केलं. कारलं करणारी प्रत्येक बाई हेच करते.

आता आई ते पाणी टाकेनात. "सगळा गुण तर पाण्यात उतरलेला असतो," त्या म्हणाल्या. "आजवर मोरीला पाजत आलो आपण." स्टीलच्या फुलपात्रात ते पाणी, वर थोडं साधं पाणी घालून फुलपात्र भरायचं, आणि ते माझ्यासमोर ठेवायचं. गुळातली भाजी ह्यांच्या डब्यात जायची.

*

शाळा सुरू झाली तशी माझे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतायचे. मग सकाळीही. बोटाने दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा. मुग्धाला त्याची गंमत वाटायची, मग वाटेनाशी झाली. प्रेशर वर चढलेलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, लघवी तपासली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मूत्रपिंडावर ताण येतोय," त्या म्हणाल्या. "मीठ बंद. पूर्ण बंद."

"कधीच बंद केलंय," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. साखर निघाली त्या दिवसापासून माझी भाजी, माझी आमटी, माझी भाकरी आई वेगळी काढायच्या, बिनमिठाची. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, काही नाही.

पुढच्या वेळी सूज आणखी होती. त्या पावसाळ्यात मला चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. माझ्या समोरच्या खाटेवर एक बाई होत्या, पनवेलकडच्या, वयाने माझ्याहून लहान. आठवड्यातून ठरलेल्या वारी त्यांना डायलिसिसच्या मशीनवर न्यायचे. परत आणायचे तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमची पण किडनी का?" मी घाईने म्हणाले, "नाही नाही, माझं नुसतं बघतायत." त्या हसल्या. "माझं पण आधी बघतच होते."

त्या दिवसापासून मला मशीनची भीती बसली. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, की सूज आणि प्रेशर असंच चढत राहिलं तर पुढची पायरी तीच आहे. शाळेतून रजा घ्यायला लावली. जिना चढ-उतर बंद.

दवाखान्यात मात्र माझी सूज उतरली होती. सगळे म्हणाले, विश्रांतीचा गुण. माझ्यासकट.

*

घरी आल्यावर मी अडकले. दुसरा शब्द नाही. बाल्कनीला ग्रिल लावलेली होती, नवी सोसायटी, चोरांची भीती. त्या ग्रिलच्या आत खुर्ची टाकून मी दिवसभर बसायचे. खाली मुलं शाळेत जाताना दिसायची, त्यातली काही माझीच. ती वर बघून हात करायची, मीही करायचे, आणि मग आत येऊन पडायचे.

गावातली भाजीवाली टोपली घेऊन बिल्डिंगखाली यायची. मूळच्या कोपरखैरणे गावातली बाई, तिच्या टोपलीच्या कोपऱ्यात खाडीवरच्या खडे मिठाची पुरचुंडीही असायची. मला ग्रिलमागे बघून ती खालूनच सांगायची, "बाय, तुजे सासूला सांग, आज बारकी कारली हायेत. कडू हायेत एकदम. तिनं कालच सांगून ठेवलं होतं." आई टोपली उतरवून कारली निवडायच्या, दोन मुठी खडे मीठ घ्यायच्या. मी वरून बघायचे.

सूज परत आली. घरी येऊन आठवडा झाला नाही तोच आली, आणि आता डोळ्यांखालीही. सकाळी आरशात मला माझीच आत्या दिसायची.

तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली, आणि ती कुणी तोंडावर बोललं नाही. डॉक्टर तेवढ्या बोलल्या. "बाई, दवाखान्यात तुम्ही आमचं जेवण जेवता तेव्हा सूज उतरते. घरी गेलात की चढते. तुम्ही काहीतरी खाताय. लोणचं? सुकी मासळी? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मी म्हणाले, नाही. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी जमिनीकडे बघितलं.

घरी आल्यावर लोणच्याची बरणी ओट्यावरून नाहीशी झाली. आईंनी ती माळ्यावर चढवली होती. पापडाचा डबा कपाटात गेला, कपाटाची किल्ली ह्यांच्या खिशात. हे ऑफिसातून आले की सहज म्हणून डबे उघडून बघायचे. मला ते दिसायचं आणि त्यांनाही माहीत होतं की मला दिसतंय. शेजारची कुणी भेटायला आली की आई आमच्यात येऊन बसायच्या, मला कुणी काही चोरून तर देत नाही ना ते बघायला.

एका संध्याकाळी मुग्धा माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "आई, मला तरी सांग. मी पप्पांना नाही सांगणार. तू खातेस का काही?"

मला तिचा राग आला नाही. मला स्वतःचीच शंका यायला लागली. बेचाळीस वर्षांची बाई, तोंड धुतानासुद्धा मी विचार करत होते, की झोपेत उठून मी काही खाते की काय. इतकी माणसं एकच गोष्ट मानत असतील तर कुठेतरी ती खरी असेलच, असं वाटायला लागतं. आजारपणात मला सगळ्यात वाईट काय वाटलं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगेन. मशीनचा नंबर त्याच्यानंतर.

आणि आई? सूज वाढली तशी आईंनी कारलं वाढवलं. सकाळी एक फुलपात्र होतं, तिथे संध्याकाळीही एक. पाणी जास्त निघावं म्हणून त्या मीठ जास्त चोळायच्या. पहाटे उठून, मांडी घालून, चकत्या पिळत बसायच्या. त्यांच्या बोटांना मिठाने भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांना त्या रात्री तेल लावायच्या. कधी एका शब्दाने त्यांनी त्याचं बोलून दाखवलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल. मला ते पाणी आवडायला लागलं होतं. दिवसभरच्या अळणी जेवणानंतर मी संध्याकाळच्या फुलपात्राची वाट बघायचे. पहिल्यांदा नाक दाबून प्यायचे, आता बोट फिरवून फुलपात्र पुसायचे. भेटायला येणाऱ्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "मला आता कडूचं काहीच वाटत नाही. सवय झाली." लोक माझं कौतुक करायचे. आई तर अभिमानाने बघायच्या.

*

दिवाळीनंतर पेणहून फोन आला, आईंची धाकटी बहीण घसरून पडली, पाय मोडला. आईंना जावं लागलं. जाताना त्यांनी ह्यांना चार-चारदा बजावलं. "कारल्यात खंड पडू देऊ नकोस, अरविंदा. काही झालं तरी."

हे म्हणजे आयुष्यात कांदासुद्धा न चिरलेला माणूस. चकत्या करा, मीठ चोळा, पिळा, एवढं त्यांना झेपणार नव्हतं. त्यांनी सरळ दोन कारली मिक्सरमध्ये टाकली, पाणी घातलं, फिरवलं, चहाच्या गाळण्यातून गाळलं आणि फुलपात्र माझ्या हातात दिलं.

मी सवयीने मोठा घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. पोटातून कळ यावी असलं कडू. डोळ्यांतून पाणी.

"हे काय दिलंत?"

"कारलं."

"हे कारलं नाही. ह्यात काय घातलंत?"

"अगं, काय घालणार? कारलं आणि पाणी. तू तर म्हणतेस तुला कडूचं काही वाटत नाही."

"आईंचं असं नसतं. ते कसं," मी शब्द शोधत होते, "त्याला चव असते."

"कसली चव?"

मी ओट्याकडे बघितलं. कारण मला शब्द सापडला होता. ह्यांनाही सापडला असावा. ओट्यावर खडे मिठाची बरणी होती. लोणचं माळ्यावर गेलं, पापड कपाटात गेला, पण मिठाची बरणी होती तिथेच होती. कुणी ती हलवली नव्हती, कारण कारल्याला लागायची.

आम्हा सगळ्यांच्या लेखी ते मीठ खायचं नव्हतंच. कारल्याचं मीठ म्हणजे भांड्याला लावायच्या राखेसारखं, काम झालं की वाहून जाणारं. पिढ्यान्‌पिढ्या ते मोरीत जात आलं होतं. आता ते मोरीत जात नव्हतं, एवढं एकच कुणाच्या लक्षात आलं नाही. मी शिकलेली बाई, मुलांना द्रावण म्हणजे काय ते शिकवते. दिवसातून दोनदा मुठीमुठीने मीठ पीत होते आणि बिनमिठाची आमटी पुढे ओढून रडत होते.

मग मी खरंच रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून. "मी चोरून खात नव्हते," मी म्हणाले. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. हे माझ्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज?" त्यांनी विचारलं. "दोनदा," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. मी खाताय का विचारलं. काय पिताय ते विचारायला हवं होतं."

पंधरवड्यात चपला पायात जायला लागल्या. प्रेशर उतरलं. साखर आहे तिथेच होती, तिला गोळ्याच लागणार होत्या. पण लघवीचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "मशीनचं सध्या डोक्यातून काढून टाका." मी त्या पनवेलच्या बाईंची चौकशी केली. त्या दुसरीकडे गेल्या होत्या, कुणाला नीट माहीत नव्हतं.

*

आता प्रश्न उरला आईंचा.

त्या पेणहून दर दोन दिवसांनी फोन करायच्या. "कारलं चालू आहे ना?" हे म्हणायचे, "चालू आहे." मला म्हणायचे, "तिला कळता कामा नये. ह्या वयात ती मनाला लावून घेईल. तू आपलं घे हातात आणि हळूच ओत बेसिनमध्ये."

"किती दिवस?"

"टेन्शन नको घेऊ ना. बघू."

म्हणजे मी आता खरंच चोरी करायची. आधी न खाता चोर झाले होते, आता न पिता व्हायचं. आजारातून बाहेर पडते आहे असं वाटत होतं तोच ह्यांनी दुसरं दार लावलं, आणि तेही माझ्या नाही, आईंच्या भल्यासाठी. मला आईंची कीव येत होती, त्यांच्या बोटांच्या भेगा डोळ्यांसमोर येत होत्या, आणि तरी आतून संताप होत होता.

एका तिन्हीसांजेला आई आल्या. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि पहिली गोष्ट म्हणजे माझ्या पायांकडे बघितलं. त्यांचा चेहरा फुलला. "उतरलं की गं! बघ, खंड पडू दिला नाही त्याचा गुण." त्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या. येताना पेणच्या बाजारातून कारली आणली होती. थोड्या वेळाने भरलेलं फुलपात्र माझ्यासमोर आलं.

ह्यांनी पेपर वर धरला. मुग्धा माझ्याकडे बघत होती.

मी फुलपात्र हातात घेतलं. बेसिन चार पावलांवर होतं. आणि तो वास नाकाशी आल्यावर मला ते पाणी परत हवंसं वाटलं, हेही सांगते.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही एक घोट घेऊन बघा."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"एकच. माझ्यासाठी."

त्यांनी घेतला. तोंडात धरून ठेवला. त्या स्वयंपाकात मुरलेल्या बाई, जिभेने त्यांना कधी दगा दिला नव्हता. त्यांनी तो घोट गिळला आणि फुलपात्रात बघत राहिल्या.

"मीठ," त्या म्हणाल्या.

त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं, मग ओट्यावरच्या बरणीकडे, मग वर माळ्याकडे.

"आणि मी लोणच्याची बरणी वर ठेवली," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर नजर ठेवून बसत होते."

"तुम्ही माझ्यासाठीच करत होतात."

"ते असू दे." त्या उठल्या, पाणी मोरीत ओतलं आणि त्या रात्री न जेवता झोपल्या. मला वाटलं ह्यांचंच खरं होतं, मी सांगायला नको होतं. माझा डोळा लागला नाही.

सकाळी स्वयंपाकघरात आई नेहमीसारख्या मांडी घालून बसल्या नव्हत्या. उभ्या राहून कारली चिरत होत्या. चकत्या चिरल्या आणि सरळ कढईत टाकल्या. मीठ चोळलं नाही, पिळल्या नाहीत, गुळाचा डबा उघडला नाही. दुपारी रविवार म्हणून सगळे घरी होते. त्यांनी चार ताटं मांडली आणि चारही ताटांत एकाच कढईतली भाजी वाढली. मीठ ज्याला हवं त्याने वरून घ्यायचं, वाटी मध्ये ठेवली होती. माझ्या ताटापासून लांब.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि चेहरा आक्रसला.

"आई, कडू आहे गं."

"खा," आई म्हणाल्या. "इतके दिवस ती एकटीच पीत होती."

हे मुकाट्याने जेवले. मी आईंकडे बघितलं. त्याही खात होत्या, डोळ्यांतून पाणी काढत, पण थांबत नव्हत्या. मी माझी भाजी संपवली आणि आणखी थोडी मागून घेतली.